चार डोंगरांच्या आत: नावाहो मुलखातली ऑक्टोबरची ट्रिप

बुधवार, फिनिक्स ते फ्लॅगस्टाफ

सकाळी फिनिक्समधून निघालो, गाडीत आम्ही दोघीच, मी आणि माझ्याच वॉर्डात रात्रपाळी करणारी माझी मैत्रीण. ती दिने आहे. जग ज्यांना नावाहो म्हणतं ते अमेरिकेतले मूळ रहिवासी स्वतःला दिने म्हणतात. दर ऑक्टोबरला ती शिपरॉकच्या जत्रेला जाते, वाटेत आजीकडे राहते, आणि या वेळी म्हणाली की तूही चल, तुला कधीपासून बघायचंय ना. मी नर्स आहे, सांगलीहून इथे येऊन बरीच वर्षं झाली, आणि आमच्याकडे ॲडमिट होणाऱ्या नावाहो पेशंट्सचे नातेवाईक डिस्चार्जची तारीख विचारताना "घरी सेरेमनी ठरवायचीय" असं सांगतात ते ऐकत आलेय, पण ती सेरेमनी म्हणजे नक्की काय हे कधी नीट कळलं नव्हतं.

गाडीतच तिने नियम सांगितले. विधीच्या जागी फोटो नाही, व्हिडिओ नाही, स्केच नाही. काही गोष्टी फक्त हिवाळ्यात सांगतात, साप आणि अस्वलं झोपलेली असताना, त्यामुळे आत्ता विचारलंस तरी उत्तर मिळणार नाही. आणि काही गोष्टी बाहेरच्यांना कधीच सांगत नाहीत. मी इथे जे लिहितेय ते सगळं एकतर उघड माहितीतलं आहे, नाहीतर तिच्या घरच्यांनी "हे लिहिलंस तरी चालेल" म्हटलेलं आहे.

सव्वादोन-अडीच तासात निवडुंगाचं वाळवंट संपून पाइनचं जंगल लागतं आणि समोर सॅन फ्रान्सिस्को पीक्स दिसतात. ॲरिझोनातलं सगळ्यात उंच शिखर इथलंच, 12,633 फूट. दिने लोकांसाठी हा पश्चिमेचा पवित्र डोंगर, रंग पिवळा. पूर्वेचा ब्लँका पीक, पांढरा. दक्षिणेचा माउंट टेलर, निळा. उत्तरेचा हेस्पेरस, काळा. या चार डोंगरांच्या आतली जमीन म्हणजे त्यांचं घर, आणि त्यांचं औषध या जमिनीबाहेर नीट चालत नाही, असं ती अगदी सहज, डोस सांगावा तशा सुरात म्हणाली. पुढचे सगळे दिवस मला तेच वेगवेगळ्या तऱ्हेने दिसत राहिलं.

याच डोंगरावर स्की रिसॉर्ट आहे. बर्फ कमी पडतो म्हणून शहराचं सांडपाणी प्रक्रिया करून त्याचा कृत्रिम बर्फ फवारायचा, याला 2005 मध्ये वनखात्याने मंजुरी दिली. या डोंगराला पवित्र मानणाऱ्या जमाती तेराच्या वर आहेत, त्यातल्या नावाहो, होपी आणि इतर काही जमाती कोर्टात गेल्या. 2007 मध्ये त्यांच्या बाजूने निकाल लागला, 2008 मध्ये त्याच कोर्टाच्या मोठ्या बेंचने तो फिरवला, आणि 2009 मध्ये सुप्रीम कोर्टाने केस ऐकायलाच नकार दिला. कोर्टाचं म्हणणं साधारण असं की झाडांना, झऱ्यांना प्रत्यक्ष काही होत नाही, फक्त या लोकांच्या भावना दुखावतात. मला हे वाचून खरंच राग येतो. ज्या उतारावरून हे लोक औषधी वनस्पती आणि औषधाच्या पोतडीत ठेवायची माती आणतात तिथे हॉस्पिटलातून, शवागारातून आलेलं पाणी फवारायचं, मग ते कितीही स्वच्छ केलेलं असो, आणि म्हणायचं की नुकसान काही नाही. आम्ही ऑपरेशनच्या ट्रेवर नुसता हात लागला तरी अख्खा ट्रे बदलतो. तिथे कोणी विचारत नाही की जंतू दाखवा.

रात्री फ्लॅगस्टाफलाच थांबलो. लवकर झोपलो.

गुरुवार, गनाडो, चिनली

एक प्रॅक्टिकल गोष्ट. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, पण नावाहो नेशन, म्हणजे नावाहोंचा स्वतःचं सरकार असलेला मुलूख, करतं, आणि नावाहोच्या मधोमध असलेली होपी लोकांची जमीन परत करत नाही. म्हणजे एका दुपारीत फोनमधली वेळ दोन-तीनदा बदलते. कोणाला वेळ दिली असेल तर "कुठली वेळ" हे विचारून घ्या. आणि नेशनच्या हद्दीत दारूबंदी आहे.

गनाडोला हबल ट्रेडिंग पोस्ट आहे, 1878 पासूनचं दुकान, लाकडी फरशी करकर वाजते, आत गालिच्यांचे ढीग. तिथे फार थांबलो नाही, पुढे चिनलीला कॅन्यन द शे बघायचं होतं.

कॅन्यनच्या दक्षिण कडेने गाडी जाते, शेवटच्या पॉइंटवरून स्पायडर रॉक दिसतो, तळातून सुमारे 800 फूट सरळ वर आलेला लाल सुळका. विणकाम शिकवणारी कोळी-आजी तिथे वर राहते असं मानतात. खाली अजून कुटुंबं राहतात, मक्याची शेतं आहेत, आणि खाली उतरायचं तर दिने गाइड घ्यावाच लागतो, जे मला फार योग्य वाटतं. 1864 च्या जानेवारीत किट कार्सनच्या अमेरिकन सैन्याने याच कॅन्यनमध्ये घुसून घरं, धान्य जाळलं, आणि पुढे पीचच्या बागाही तोडल्या. मग लोकांना तीनशेहून जास्त मैल चालवत न्यू मेक्सिकोत फोर्ट समनरला नेलं. खारं पाणी, किडलेलं पीठ, जळण नाही. चार वर्षांत दोन हजारांहून जास्त माणसं तिथे गेली असं मानतात. आणि विधी करायचे तर औषधी वनस्पती त्या मातीत उगवत नव्हत्या, शिवाय जागा चार डोंगरांच्या बाहेर. मैत्रिणीच्या घरी याबद्दल बोलताना आवाज खाली येतो, दीडशे वर्षं होऊन गेली तरी.

तिथे बार्बोनसितो नावाचे पुढारी होते, ते स्वतः विधी जाणणारे होते. लोकांनी मोठं गोल रिंगण केलं, मधे एक कोयोटी, कोल्ह्यासारखी मादी, सापडली, बार्बोनसितोंनी तिच्या तोंडात पांढऱ्या शिंपल्याचा मणी ठेवला आणि ती हळूहळू चालत रिंगणातून बाहेर पडली, तेव्हा ते म्हणाले की आता आपण घरी जाणार. 1 जून 1868 ला तह झाला आणि ते खरंच घरी आले. अमेरिकेत किती जमाती कुठल्या कुठे हलवल्या गेल्या, पण दिने आपल्या डोंगरांत परतले. त्यांचे दुसरे पुढारी मॅन्युएलितो यांनी नंतर सांगितलंय की माउंट टेलरचा माथा दिसला तेव्हा लोकांना जमिनीशी बोलावंसं वाटत होतं.

संध्याकाळी आजीकडे. चिनलीच्या बाहेर कच्च्या रस्त्यावर घर, ट्रेलरच्या शेजारी होगन. होगन म्हणजे त्यांचं परंपरेचं घर, सहा किंवा आठ बाजूंचं, लाकडाचं, वर धूर जायला भोक, दार पूर्वेला. विधी तिथेच होतात. आत शिरल्यावर डावीकडून, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरत जायचं आणि बसायचं.

आजीला इंग्रजी येतं पण बोलत नाहीत. मैत्रिणीने आधी स्वतःची ओळख सांगितली, म्हणजे रोज फोनवर बोलणाऱ्या आजीलाही रीतीने आपली चार कुळं सांगितली: आईचं, वडिलांचं, आईच्या वडिलांचं, वडिलांच्या वडिलांचं. मग आजी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तू कुणाची?" मी म्हटलं आईचं माहेर मिरजेचं, वडील सांगलीचे, एक आजोबा कोकणातून आलेले, एक कराडचे, सगळ्यांची आडनावं सांगितली. त्यांनी प्रत्येक नाव एकदा उच्चारून बघितलं. मग म्हणाल्या, "बरं, आता बस." जेवायला निळ्या मक्याची पेज होती, त्यात जुनिपरच्या पाल्याची राख चाळून घालतात. दूध फारसं नसलेल्या आहारात या राखेतून भरपूर कॅल्शियम मिळतं, हे मी आधी वाचलं होतं. चव मातकट, छान, मी दोनदा घेतली.

शुक्रवार, चिनली आणि सेली

सकाळी आजींनी होगनमागचा खड्डा दाखवला. मोठ्या परातीपेक्षाही रुंद, गोल, हातभर खोल, आतून भाजून लाल झालेला. गेल्या उन्हाळ्यात मैत्रिणीच्या मोठ्या भाचीची किनाल्दा झाली तेव्हाचा.

किनाल्दा म्हणजे मुलीला पहिल्यांदा पाळी आल्यावर करायचा चार दिवसांचा विधी. सगळ्यात आधी तो चेंजिंग वुमन या देवीचा झाला असं मानतात. मुलगी रोज पहाटे पूर्वेकडे धावत जाते, दर वेळी थोडं लांब, मागून भावंडं, मामा-मावश्या ओरडत धावतात पण तिच्या पुढे कोणी जायचं नाही. एक जाणती बाई तिला ब्लँकेटांवर झोपवून डोक्यापासून पायापर्यंत हाताने चोळते, कारण या दिवसांत शरीर मऊ असतं, जसा आकार द्याल तसं होतं, म्हणून ती बाई कष्टाळू आणि मायाळू असलेली निवडतात. दिवसभर मका दळायचा. मग खड्ड्यात दिवसभर जाळ करून तो तापवतात, निखारे काढतात, मक्याच्या पानांचं अस्तर घालतात, पानांचा एक क्रॉस तळाला मधोमध, त्यावर मक्याचं पीठ ओततात, बेदाणे, गोडीसाठी मोड आलेला गहू, वर पुन्हा पानं, माती, आणि रात्रभर वर विस्तव. इकडे होगनमध्ये रात्रभर गाणी, कोणी झोपायचं नाही. पहाटे युक्काच्या मुळाच्या फेसाने तिचे केस धुतात, ती शेवटची धावते, मग केक कापतात. मधला भाग गाणी म्हणणाऱ्याला. ती स्वतः तो केक खात नाही, सगळ्यांना वाटते.

मी खड्ड्याच्या काठावर बसून विचारलं की एवढा मका दळला कोणी. आजींनी बोटं मोजत नावं घेतली, ती संपेचनात. पाळीबद्दल लाज वाटू नये यासाठी आपण शाळेत पोस्टर लावतो, लेक्चर देतो. इथे अख्खं खानदान रात्रभर जागतं एका मुलीसाठी. मला याचं फार अप्रूप वाटलं, आणि माझ्या स्वतःच्या तेराव्या वर्षाची आठवण येऊन थोडं वाईटही वाटलं.

आजारपणाचे विधीही असेच माणसांवर चालतात. आधी निदान करणारा वेगळा, कोणी हात थरथरवून निदान करतं, कोणी स्फटिकात बघून. आजार कशामुळे आला ते तो सांगतो: वीज पडलेल्या झाडाशी संपर्क, मेलेल्या शत्रूशी संपर्क, अस्वल, साप, किंवा कुठलीही गोष्ट अति करणं. त्यावरून कुठला विधी हवा ते ठरतं आणि मग हतालीला बोलावतात. हताली म्हणजे गाणारा. एकेका विधीत शेकडो गाणी, सगळी तोंडपाठ, क्रम चुकवून चालत नाही, म्हणून एक-दोन मोठे विधी शिकण्यात आयुष्यातली बरीच वर्षं जातात. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या दिने सैनिकांसाठी, त्यात दिने भाषेतून लष्कराचे गुप्त संदेश पाठवणारे कोड टॉकर्सही आले, घरच्यांनी शत्रूच्या सावटाचा विधी केला. अजूनही युद्धावरून आलेल्यांसाठी करतात. आमच्याकडे पीटीएसडीच्या, म्हणजे युद्धासारख्या धक्क्यानंतरच्या मानसिक त्रासाच्या, पेशंटला गोळ्या आणि महिन्याने पुढची अपॉइंटमेंट मिळते. तिथे दोन-तीन कुटुंबं शेकडो लोकांना जेवू घालतात, आणि तो माणूस त्या सगळ्यांच्या मधोमध असतो.

याचा अर्थ हॉस्पिटल नको असा नाही. चिनलीच्या सरकारी हॉस्पिटलात नेटिव्ह मेडिसिनचा विभाग आहे, पारंपरिक वैद्य नेमलेले आहेत, पेशंट दोन्हीकडे जातो. याच्यामागे ॲनी वॉनेका यांच्यासारख्यांचे कष्ट आहेत. 1951 मध्ये त्या ट्रायबल कौन्सिलवर निवडून आल्या, तेव्हा टीबीने लोक मरत होते आणि सॅनेटोरियममधून पळून येत होते. वॉनेका घरोघर फिरल्या, हताली लोकांना विरोधक न मानता त्यांच्याशी बसून बोलल्या, जंतू म्हणजे काय ते दिने भाषेत समजावलं, आणि उलट डॉक्टरांना सांगितलं की पेशंटला विधीसाठी घरी सोडत जा. 1963 मध्ये त्यांना प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम मिळालं. माझ्या मते नर्सिंगच्या प्रत्येक कोर्समध्ये या बाईचा धडा हवा.

आणि 1993 चा हंता व्हायरस! याच भागात धडधाकट तरुण माणसं दोन दिवसांत श्वास कोंडून मेली, पेपरवाल्यांनी त्याला घाणेरडी नावं दिली, नावाहो मुलांना बाहेरच्या शाळांनी येऊ नका म्हटलं. तेव्हा म्हाताऱ्या जाणत्या लोकांनी सांगितलं की पाऊस जास्त झाला की पिन्यॉन पाइनच्या बियांचं पीक जास्त, मग उंदीर जास्त, आणि मग असं मरण येतं, पूर्वीही आलेलं आहे, म्हणून उंदराला घरात, अन्नात, कपड्यांत येऊ द्यायचं नाही ही आमची जुनी शिकवण. लॅबमध्येही शेवटी उंदीरच निघाला.

दुपारी सेलीला दिने कॉलेज बघितलं. 1968 चं, अमेरिकेत एखाद्या जमातीने स्वतः काढलेलं पहिलं कॉलेज. मधली काचेची बिल्डिंग होगनच्या आकाराची. इथल्या म्युझियममध्ये मला होस्टीन क्ला यांच्याबद्दल विचारायचं होतं. ते 1867 चे, मोठे हताली आणि विणकरही. त्या काळात सरकारचा 1883 चा नियम होता, वैद्यकी केली म्हणून तुरुंगात टाकता यायचं, मुलांना बोर्डिंग स्कूलमध्ये नेत होते, आणि क्ला यांना वाटलं आपल्यासोबत हे सगळं जाणार. त्यांनी वाळूचित्रं गालिच्यात विणली. लोक घाबरले, चिडले. सँटा फेला बॉस्टनच्या श्रीमंत मेरी व्हीलराइट यांच्याबरोबर त्यांनी म्युझियम उभं केलं, 1937 मध्ये, आणि त्याच वर्षी ते गेले. पुढे 1977 मध्ये त्या म्युझियमने औषधाच्या पवित्र पोतड्या दिने लोकांना परत केल्या, त्या इथे सेलीला आल्या. परत करा असा कायदा व्हायच्या कितीतरी आधी!

वाळूचित्राबद्दल थोडं सांगते, कारण आपण मराठी माणसं ते बघितलं की लगेच रांगोळी म्हणतो. हाताची रीत तीच, अंगठा आणि तर्जनीतून सोडायची. पण ते शोभेसाठी नाही आणि उंबऱ्यावरही नाही. होगनच्या आत जमिनीवर, लाल-पिवळे-पांढरे दगड कुटून, कोळसा मिसळून, हतालीच्या देखरेखीखाली कितीतरी माणसं मिळून काढतात, आणि मग पेशंट त्या चित्रावर बसतो. हताली चित्रातल्या देवाच्या पायाला हात लावून पेशंटच्या पायाला लावतो, गुडघ्याचा गुडघ्याला, असं वर डोक्यापर्यंत. मग चित्र मोडतात, वाळू बाहेर नेऊन ठेवतात. दुकानात फळीवर चिकटवलेली मिळतात त्यात मुद्दाम काहीतरी बदललेलं असतं.

शनिवार, शिपरॉक

लुकाचुकाईवरून चुस्का डोंगर ओलांडला, ॲस्पेन पिवळे झाले होते. पलीकडे उतरलं की कोव्ह, रेड व्हॅली ही गावं. 1944 ते 1986 मध्ये नावाहो जमिनीतून जवळजवळ तीन कोटी टन युरेनियम खनिज काढलं. इथले पुरुष बिना मास्कचे खाणीत गेले, तीच धूळ घेऊन घरी आले, आणि पुढे फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले. भरपाईचा कायदा 1990 मध्ये झाला. पाचशेच्या वर सोडून दिलेल्या खाणी अजून पडून आहेत. मैत्रिणीच्या आईचे मामा त्या खाणकामगारांतलेच. मैत्रीण गाडी चालवत होती, एका उतारावरचा राखाडी ढीग दाखवून म्हणाली, "इथून आमची आजी औषधाचा पाला आणायची, आता आणत नाही." यावर मी काही बोलू शकले नाही.

शिपरॉकचा खडक लांबून दिसतो, सपाट माळावर दीड हजार फुटांहून उंच. जत्रा 1909 पासूनची, नावाहो नेशनमधली सगळ्यात जुनी. सकाळची परेड, घोडे, रोडिओ, मटण स्ट्यू, भाजलेली कणसं, मला आवडलं पण ते सगळीकडे असतं. आम्ही आलो होतो रात्रीसाठी. पहिलं दव गोठायला लागलं की नाइटवे नावाचा नऊ रात्रींचा विधी करता येतो, डोकं, डोळे, कान यांच्या आजारांवर, आणि जत्रेच्या वेळी तो इथे असतो. शेवटच्या रात्री सगळ्यांना बघता येतं.

थंडी मी म्हणत होती. मोकळ्या मैदानाच्या दोन्ही बाजूंना शेकोट्या, एका टोकाला होगन, दुसऱ्या टोकाला डहाळ्यांचा आडोसा, आणि लोक खुर्च्या, ब्लँकेटं घेऊन दाटीवाटीने. मुखवटे घातलेल्या नर्तकांचा गट येतो, पुढे त्यांचा मुख्य देव, हातात खुळखुळे, आणि आवाज लावतात तो इतका वरचा, चिरका आणि एकदम थांबणारा की मानेवर काटा येतो. होगनमधून पेशंट आणि हताली बाहेर येतात, नर्तकांवर मक्याचं पीठ टाकतात, परत जातात. मग नाच. गट बदलतो, पुन्हा तेच, पुन्हा तेच, रात्रभर. मुखवट्यांबद्दल याहून जास्त लिहीत नाही.

मी जास्त वेळ पेशंटकडेच बघत होते. एक वयस्क बाई, ब्लँकेट पांघरलेली. शेकडो माणसं त्यांच्यासाठी जागी होती, त्यातली बहुतेक त्यांना ओळखतही नसतील, आणि पेंगणाऱ्या मुलांना आया हलवून उठवत होत्या की झोपायचं नाही, त्या बाईंना त्रास होईल.

रविवार, परत

उजाडताना निळ्या पक्ष्याचं गाणं म्हणून विधी संपला. लोक ट्रकांत सामान टाकून निघाले. आम्ही चिनलीला आजीकडे पोचून दुपारपर्यंत झोपलो.

उठल्यावर मैत्रिणीची मावशी आली होती, तिच्याशी खर्चाबद्दल बोलणं झालं. मोठ्या विधीला हजारो डॉलर लागतात: हतालीची दक्षिणा, मेंढ्या, लाकूड, रोजचं जेवण. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्र सरकारने ॲरिझोना, न्यू मेक्सिको, कॅलिफोर्निया आणि ओरेगन या राज्यांत पारंपरिक उपचारांना मेडिकेडचे, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचे, पैसे देण्याची मंजुरी दिली. मला वाटलं होतं ती खूश असेल. ती म्हणाली पैसे चांगलेच आहेत, गरिबांना उपयोग होईल, पण फॉर्मवर काय लिहायचं? कुठलं गाणं म्हटलं ते? आणि ते कोण वाचणार? मला तिचं पटलं. बिलिंगचे कागद भरणं हे माझं रोजचं काम आहे, आणि नाइटवेच्या रात्रीचा एकही भाग मला त्या रकान्यांत बसवता येत नाही. पैसे द्यावेत, पण आत काय झालं हे विचारू नये, अशीच सोय व्हायला हवी.

निघताना आजींनी मैत्रिणीच्या धाकट्या भाचीकडे बोट दाखवलं, ती अकरा वर्षांची आहे, आणि म्हणाल्या की हिची वेळ आली की तुला निरोप येईल. काय आणायचं विचारलं तर म्हणाल्या, काही नको, लांब बाह्यांचे कपडे घाल आणि स्कर्ट, आणि हात मजबूत ठेव, मका दळायला माणसं कमी पडतात.